टिकी नव्हे, चिकी

दादाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. लाकडी खांबांवर वाळल्या पानांनी शाकारलेलं छप्पर आणि खाली चार खुर्च्या. फोटोखाली लिहिलं होतं, ‘आमची चिकी’. पाच मिनिटांत आत्याचा मेसेज आला : “मांडव छान झालाय रे. पण चिक्की कुठाय?”

आत्याला उत्तर द्यायचं म्हणून हा लेख.

दादा माझा आतेभाऊ. दक्षिण फ्लोरिडात घर घेतल्यापासून त्याला परसात ‘टिकी हट’ हवी होती. मी सुट्टीत त्याच्याकडे गेलो तेव्हा आम्ही लॅपटॉपवर ड्रॉइंगही काढलं. पंखा, दिवे, छोटं सिंक, सगळं त्यात होतं. मग परवानगीचा विषय निघाला. चक्रीवादळांमुळे इथले बांधकामाचे नियम कडक आहेत. ते चाळताना मला एक अपवाद सापडला. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना कोडमध्ये अपवाद दिसला, की तो कशासाठी लिहिलाय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

अपवाद असा : सेमिनोल किंवा मिकोसुकी या मूलनिवासी जमातींनी बांधलेल्या ‘चिकी’ला राज्याची बांधकाम संहिता लागू नाही. चिकी म्हणजे बाजूंनी उघडी, पामच्या पानांनी शाकारलेली लाकडी झोपडी. त्यात वीज नको, नळ नको, लाकडाशिवाय दुसरं काही नको. म्हणजे आमचा पंखा, दिवे आणि सिंक एका वाक्यात उडाले.

एका झोपडीला कायद्यात जागा का मिळाली असेल? उत्तर शोधताना मी १८३० सालापर्यंत मागे गेलो. त्या वर्षी अमेरिकेने कायदा करून मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हाकलायचं ठरवलं. फ्लोरिडातल्या सेमिनोलांनी नकार दिला. १८३५ ते १८४२ असं सात वर्षं युद्ध चाललं. त्यांचा नेता ओसिओला याला १८३७ मध्ये तहाच्या पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला असताना पकडलं, आणि पुढच्याच वर्षी तो कैदेत मेला.

पूर्वी सेमिनोल लोक ओंडक्यांच्या पक्क्या घरांत राहत. पण मागे फौज लागल्यावर पक्कं घर काय कामाचं? झटपट उभं करता येईल आणि सोडून जाताना जीव अडकणार नाही, असं घर त्यांना हवं होतं. सायप्रसचे खांब, वर पामची पानं, आणि दलदलीचं पाणी लागू नये म्हणून जमिनीपासून उंच माच. ही चिकी. १८५८ मध्ये शेवटची लढाई संपली तेव्हा एव्हरग्लेड्सच्या दलदलीत काहीशेच लोक उरले होते. पण ते गेले नाहीत.

‘टिकी’ हा शब्द मात्र हजारो मैलांवरचा, पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन बेटांवरचा. माओरी कथांमध्ये टिकी हा पहिला माणूस. कोरीव मूर्तींनाही टिकी म्हणतात. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँटने ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार काढला. बांबू, मुखवटे, रमची कॉकटेल्स. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक पॅसिफिकमधून परतले, १९५९ मध्ये हवाई हे राज्य झालं आणि ही फॅशन घरोघरी पोचली. पानांचं छप्पर दिसलं की ‘टिकी’ म्हणायची सवय फ्लोरिडालाही लागली. इथल्या छपराला इथलं नाव होतं, ते मागे पडलं.

दादाने शेवटी एका सेमिनोल कारागिराला बोलावलं. माणसं आली, खांब रोवले, पंख्यासारखी पानं एकावर एक ठोकत वर गेली. ड्रॉइंग कुणी मागितलंच नाही. काम संपल्यावर दादा म्हणाला, “टिकी मस्त झाली.”

“चिकी,” तो हसून म्हणाला. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता ‘घर’ असा आहे.

दादा थोडा ओशाळला. मीही. आमचं आडनाव ऑफिसात कुणी चुकीचं उच्चारलं की आम्ही घरी येऊन दहा मिनिटं बोलतो. आणि ज्यांच्या जमिनीवर दादाचं घर उभं आहे, त्यांच्या घराचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी पाऊस आला. आम्ही खुर्च्या मधोमध ओढून बसलो. एक थेंब आत आला नाही.

तर आत्या, फोटोखालचं नाव बरोबर आहे. चिक्कीचं म्हणशील, तर ती इथे मिळत नाही. पुढच्या खेपेला येताना लोणावळ्याची घेऊन ये, चिकीत बसून खाऊ.