टोपीवरचं शिंग

मागच्या भागांत आपण तह पाहिले, लढाया पाहिल्या. आज आपल्यासमोर आहे एक लोकरीची टोपी. हिरवी, लहान मुलाची, वर एक शिंग असलेली. हसू नका, यातही इतिहास आहे. आणि खरं सांगायचं तर या टोपीने मला जेवढं शिकवलं तेवढं एखाद्या जाड ग्रंथानेही शिकवलं नसेल.

तर झालं असं. माझा भाचा नागपूरला असतो. डिसेंबरात चार वर्षांचा झाला. नागपूरची डिसेंबरातली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना कानटोपीचं महत्त्व सांगायला नको. व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, "वाढदिवसाला काय आणू?" उत्तर तयारच होतं, "डायनासोरची टोपी." आणि पुढे म्हणाला, "मामा, आपल्याकडचा डायनासोर पाहिजे. आपल्याकडे होते ना?"

होते! आणि लांब नाही, आमच्या आजीच्या वरोऱ्याजवळच. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात नागपूरला राहणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने तिथून जीवाश्म गोळा केले होते. हो, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच. याच पिसदुऱ्याच्या डायनासोरांच्या वाळून दगड झालेल्या शेणात शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले. २००५ साली ते प्रसिद्ध झालं आणि डायनासोर असतानाच गवतही होतं हे जगाला कळलं. त्या भागातल्याच डोंगरगावला एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. शेणाची गोष्ट ऐकून भाचेबुवा इतके हसले की फोन हातातून पडला.

पण लांब मान टोपीवर बसवणार कशी? म्हणून मी गुजरातकडे वळलो. बालासिनोरजवळच्या रहिओलीला सापडलेला राजासॉरस नर्मदेन्सिस. मांसाहारी. त्याचं नामकरण २००३ साली झालं. त्याच्या डोक्यावर, कपाळाच्या बाजूला, एकच बुटकं शिंग होतं. डोक्यावरच शिंग म्हटल्यावर टोपीला आणखी काय पाहिजे!

आता अडचण एकच होती. मला क्रोशा येत नव्हता.

आजीला येतो. म्हणजे यायचा. आमच्या घरी एके काळी टीव्हीवर, पाण्याच्या माठावर, सोफ्याच्या पाठीवर, सगळीकडे तिच्या क्रोशाचे रुमाल असायचे. दारावर तोरण असायचं. आता तिच्या डोळ्यांना फार कमी दिसतं. मी फोनवर विचारलं, "आजी, टोपीला किती टाके घालायचे?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आठवत नाही रे बाबू. हातालाच माहीत असते ते."

तिने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. उरली होती फक्त एक वस्तू. माझी लहानपणीची कानटोपी, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली. ती पुण्याला मागवून घेतली. उघडून पाहतो तर वरचा मधला भाग कसरीने खाल्लेला. जिथून टोपी सुरू होते नेमकी तीच जागा गायब! खालच्या कडेचे खांब मोजता आले. (क्रोशात उभ्या टाक्याला खांब म्हणतात आणि वळशांच्या ओळीला साखळी.) पण सुरुवात कशी केली असेल, वाढवत किती नेलं असेल, हे मला अंदाजाने ठरवायचं होतं.

मंडळी, इथे थांबून मला तुम्हाला इंग्लंडला न्यायचंय. कारण मी जे करत होतो तेच जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी गिडियन मँटेल नावाचा एक डॉक्टर करत होता.

मँटेलला काही मोठे दात सापडले होते. ते इग्वाना सरड्याच्या दातांसारखे दिसतात म्हणून १८२५ साली त्याने त्या प्राण्याला इग्वानोडॉन हे नाव दिलं. पुढे आणखी हाडं मिळाली, त्यात एक टोकदार शंकूसारखं हाड होतं. हे कुठे बसवायचं? मँटेलने ते नाकावर बसवलं, गेंड्यासारखं. १८४२ साली रिचर्ड ओवेनने अशा प्राण्यांच्या गटाला डायनासोरिया हे नाव दिलं. १८५४ साली लंडनच्या सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्सने या प्राण्यांचे प्रचंड पुतळे उभे केले. त्याआधी, ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री, इग्वानोडॉनच्या साच्यात बसून बड्या मंडळींची मेजवानीसुद्धा झाली! त्या पुतळ्यांच्या नाकावर आजही ते शिंग आहे.

मग १८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे पूर्ण सांगाडे मिळाले, एक-दोन नाही, तीसच्या वर. लुई डोलोने त्यांचा अभ्यास केला आणि कळलं की ते शिंग नव्हतंच. तो होता हाताचा अंगठा.

मँटेलला हसणं सोपं आहे. पण त्याच्याकडे हाताचा सांगाडा नव्हता आणि माझ्याकडे टोपीचा मधला भाग नव्हता. मीही अंगठा नाकावर बसवला. बारा खांबांनी सुरुवात केली, दर फेरीत बारा वाढवले आणि वाढवतच गेलो. सपाट चकती झाली, मस्त वाटलं. आता ही आपोआप खाली वळेल अशी माझी समजूत. ती वळली नाहीच. कडेला झालर येऊ लागली. दिवाळीत वरोऱ्याला गेलो तेव्हा ती आजीच्या हातात दिली. तिने बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाली, "ही टोपी आहे का पत्ताकोबी? अजून वाढवूनच राहिला का रे? डोक्याएवढं झालं की थांबायचं असते."

थांबायचं असतं! सगळं गुपित एवढंच. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण पन्नास सेंटिमीटर. टोपी थोडी घट्ट हवी, ताणून बसणारी. म्हणजे चकती साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणं बंद. माझ्या जाड लोकरीत बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ अशा पाच फेऱ्या झाल्या. त्यानंतर साठावर साठ, साठावर साठ, कान झाकेपर्यंत. वाढ थांबली की चकतीची वाटी होते.

मग मी आजीच्या हातात सुई आणि लोकर दिली. आठवत नाही म्हणणारी आजी. तिने न बघता साखळी घातली, ती गोल जोडली आणि एकामागून एक खांब टाकत गेली. हात थोडे थरथरत होते, पण टाका एकही चुकला नाही. मी फोन काढला आणि शूट करू लागलो.

तेव्हा मला एक प्रश्न पडला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याच्या शेणाबद्दल आपल्याला इतकं माहीत आहे. मग आजीच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कामातलं एका फाटक्या टोपीशिवाय काहीच कसं उरलं नाही?

एक कारण साधं आहे. हाडाचा दगड होतो, लोकरीचा होत नाही. तिला कसर खाते, ती कुजते, किंवा उसवून पुन्हा दुसरं काही विणलं जातं. म्हणूनच क्रोशाचा इतिहास शोधणाऱ्यांचे हाल होतात. डेन्मार्कच्या लिस पालुदान यांनी युरोपभर धुंडाळलं, तेव्हा १८०० च्या आधीचा खात्रीचा पुरावा त्यांना मिळाला नाही. छापील नमुने दिसू लागतात ते १८२० च्या दशकात, एका डच मासिकात. गंमत म्हणजे ज्या १८४० च्या दशकात डायनासोर हा शब्द जन्मला, त्याच दशकात लंडनमध्ये क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तकं धडाधड निघू लागली.

दुसरं कारण मात्र साधं नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. कॉर्कसारख्या ठिकाणी ननच्या मठांतून बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली. एक सुई आणि सुताची गुंडी, एवढं भांडवल. कोणी फक्त गुलाब विणायची, कोणी पानं, आणि कोणी ते सगळे तुकडे जोडून कॉलर तयार करायची. एखादा नमुना एका घराचंच गुपित असायचं. त्या लेसने कितीतरी घरांत अन्न आणलं. ती लेस आज संग्रहालयांत आहे. पण गुलाब कुणी विणला, त्या बाईचं नाव बहुतेक ठिकाणी नाही.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं की या बायका तासन्‌तास विणायच्या, माल परदेशात जायचा, व्यापारी पैसे कमवायचे. पण त्या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजायचं नाही. त्या घरी बसणाऱ्या गृहिणी आणि त्यांचं विणणं म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग!

रिकामा वेळ. हा शब्द मीही वापरलाय. आजीबद्दल. "ती काय, दुपारी रिकाम्या वेळात विणत बसायची."

त्या दुपारी मी तिला विचारलं, "तू हे विकायचीस का गं कधी?" ती सहज म्हणाली, "तुझ्या बापाची कॉलेजची फी कुठून भरली वाटते तुला?" मला हे माहीतच नव्हतं. बाबांना माहीत होतं, पण त्यांनी कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

तर टोपी पूर्ण झाली. शिंगासाठी सहा मुक्या खांबांनी सुरुवात केली, हळूहळू वाढवत शंकू केला, आत लोकरीचे उरलेले तुकडे ठासून भरले आणि कपाळावर शिवलं. एकदम शास्त्रशुद्ध राजासॉरस. वाढदिवसाला भाच्याने टोपी घातली, आरशात पाहिलं आणि आनंदाने ओरडला, "मामा, गेंडा!"

मी हसत खाली बसलो. मँटेलसाहेब, तुम्हाला माझा नमस्कार.

मी राजासॉरसबद्दल पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "मग पाठीवर काटे लाव." राजासॉरसच्या पाठीवर तसे काटे असल्याचा काही पुरावा नाही. पण त्या रात्री मी पाच पिवळे त्रिकोण विणले आणि डोक्यामागून मानेपर्यंत शिवून टाकले. पोरगं टोपी घालूनच झोपलं.

आजीचा तो व्हिडिओ बेचाळीस मिनिटांचा आहे. त्यात तिचा चेहरा नाही, फक्त हात आहेत आणि मोजण्याचा आवाज. त्या फाईलला मी तिचं पूर्ण नाव दिलंय, गाव आणि तारखेसकट. टोपीच्या आतल्या बाजूलाही तिच्या नावाचं पहिलं अक्षर पिवळ्या लोकरीने टाकलंय. कसरीने खाल्लं तर खाल्लं, निदान व्हिडिओ राहील.

तुमच्याही घरी असे हात असतील. लोणच्याचे, गोधडीचे, रांगोळीचे, शिवणाचे. प्रमाण विचारलं तर "आठवत नाही" म्हणतील. तेव्हा विचारू नका, हातात वस्तू द्या आणि फोन सुरू करा. आणि हो, एक प्रश्न मात्र जरूर विचारा, "हे करून तुला पैसे मिळायचे का?" काय उत्तर मिळालं ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कान झाका, थंडी आहे!