ध्वनितरंगांची मोजणी : लांबीकडून संख्येकडे

कोणत्याही तरंगाचे वर्णन करावयाचे तर त्याच्या चार गोष्टी सांगाव्या लागतात : एका सेकंदात किती कंप होतात ती कंपनसंख्या, लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी, तरंग पुढे सरकण्याचा वेग आणि कंपविस्तार. कंपनसंख्येला तरंगलांबीने गुणले असता वेग मिळतो; म्हणून या तिहींपैकी कोणत्याही दोन राशी हाती असल्या की तिसरी आपोआप कळते. पाठ्यपुस्तकात या राशी एकाच ओळीत शेजारी शेजारी बसतात. इतिहासात मात्र त्या अशा एकत्र आल्या नाहीत. तारेची लांबी बोटांनी आणि पट्टीने मोजता येते; सेकंदास चारशे चाळीस वेळा हलणारी तार मात्र डोळ्याला केवळ पुसट पट्ट्यासारखी दिसते. त्यामुळे ध्वनीविषयीचे पहिले गणित लांबीचे झाले, आणि संख्येचे गणित त्यानंतर कित्येक शतकांनी आले. या विलंबाचे परिणाम पुढे संगीतशास्त्रातील वादांपर्यंत पोहोचले.

तारेची लांबी निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो, दोन-तृतीयांश ठेवली की पंचम, हे ग्रीकांना ठाऊक होते. पायथागोरसाने लोहाराच्या हातोड्यांच्या वजनांवरून ही गुणोत्तरे शोधली, अशी आख्यायिका मध्ययुगात सर्वत्र सांगितली जाई. ती भौतिकदृष्ट्या खोटी आहे, आणि तारेला वजने टांगून पाहिली असती तर ते केव्हाच उघड झाले असते. गॅलिलिओचे वडील व्हिंचेंझो गॅलिली यांनी १५८९ साली दाखवून दिले की, तारेवर वजन टांगून सप्तक साधावयाचे असेल तर वजन दुप्पट करून भागत नाही, ते चौपट करावे लागते. परंपरेने आलेल्या पाठाला प्रयोगाने दिलेल्या पहिल्या छेदांपैकी हा एक होय.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६-३७ च्या आपल्या ग्रंथात हे संबंध नियमबद्ध केले : कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्याची युक्ती साधी होती. ज्यांचे कंप डोळ्यांनी मोजता येतील इतक्या लांब तारा व दोऱ्या त्याने ताणल्या आणि तेथे मिळालेल्या संख्येवरून, नियमाच्या आधाराने, ऐकू येणाऱ्या आखूड तारेची कंपनसंख्या काढली. ऐकू येणाऱ्या स्वराचे कंप प्रत्यक्ष मोजले गेले नाहीत, ते अनुमानाने मिळाले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

वेगाच्या बाबतीत अडचण उलट होती. तोफेची ज्वाला आणि आवाज यांतील काळ मोजून डरहॅमने १७०८ च्या सुमारास सेकंदास ११४२ फूट हा आकडा दिला. न्यूटनचा सिद्धान्त मात्र ९७९ फुटांवरच थांबत होता. १७१३ च्या आवृत्तीत न्यूटनने ही तूट हवेच्या कणांच्या जाडीने व बाष्पाने भरून काढण्याचा जो खटाटोप केला, तो त्याच्या कीर्तीला शोभणारा नाही. हवा वेगाने दाबली जाताना तापते आणि त्यामुळे तिची स्थितिस्थापकता वाढते, हे खरे कारण लाप्लासने १८१६ साली मांडले.

संख्येचा प्रश्न सुटण्यास आरंभ झाला तो जोसेफ सोव्हर याच्या हातून. हा गणितज्ञ लहानपणी उशिरा बोलू लागला; त्याला ना गळा होता ना कान, असे त्याच्या समकालीनांनी नोंदवले आहे. स्वर जुळवण्यासाठी त्याला संगीतज्ञांचे साहाय्य घ्यावे लागे. तरीही १७०० च्या सुमारास त्याने जवळजवळच्या स्वरांच्या ऑर्गनच्या दोन नळ्या एकदम वाजवून उमटणारे विस्पंद, म्हणजे आवाजाची नियमित चढउतार, मोजली. नळ्यांचे प्रमाण २४:२५ होते आणि सेकंदास चार विस्पंद येत होते. विस्पंदांची संख्या म्हणजे दोन कंपनसंख्यांमधील वजाबाकी. तेव्हा एकीची ९६ आणि दुसरीची १०० असली पाहिजे. कानाने जो भेद कळतो तोच येथे घड्याळाने मोजला गेला.

तथापि येथेही २४:२५ हे प्रमाण गृहीत धरावे लागतेच. ते गृहीतही ज्याने टाळले तो क्रेफेल्ड येथील रेशमाचा व्यापारी योहान शाइब्लर. त्याने १८३४ साली प्रसिद्ध केलेली रीत विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याने ५६ नादकाटे घेतले. लगतच्या कोणत्याही दोन काट्यांमध्ये सेकंदास नेमके चार विस्पंद यावेत, आणि पहिला व शेवटचा काटा परस्परांचे सप्तक असावेत, असे ते घासून जुळवले. छप्पन्न काट्यांमध्ये पंचावन्न अंतरे; प्रत्येकी चार म्हणजे एकूण २२० चा फरक. वरचा काटा खालच्याच्या दुप्पट आहे, म्हणून खालचा २२० आणि वरचा ४४०. येथे पट्टी नाही, ताण नाही, तारेचा नियमही नाही. केवळ मोजणी आहे. त्याच वर्षी श्टुटगार्टच्या सभेत शाइब्लरने ४४० हा प्रमाणस्वर सुचवला. तरंगलांबी दृश्य करण्याचे काम पुढे कुंटने १८६६ साली केले : काचेच्या नळीत पसरलेली बारीक भुकटी अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने ढिगांत गोळा होते, ते अंतर पट्टीने मोजावे.

शाइब्लरच्या पद्धतीचा सर्वांत दूरगामी उपयोग एका भाषाभ्यासकाने करावा, हे विशेष. अलेक्झांडर एलिस हा इंग्रजी उच्चारांच्या इतिहासाचा अभ्यासक आणि हेल्महोल्ट्झच्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथाचा भाषांतरकार. त्याचाही कान संगीताच्या दृष्टीने दुबळा होता. तो हिपकिन्स यांच्या कानावर विसंबे. सप्तकाचे १२०० समान भाग करून त्याने 'सेंट' हे माप रूढ केले, आणि १८८५ साली अरब, भारतीय, जावाचे, चिनी, जपानी अशी अनेक स्वरसप्तके मोजून प्रसिद्ध केली. जावाच्या पाच स्वरांच्या सप्तकातील अंतरे जवळजवळ समान, सुमारे २४० सेंटची निघाली; साध्या पूर्णांकांच्या गुणोत्तरांशी त्यांचा मेळ बसत नव्हता. स्वरसप्तक एक नाही, ते निसर्गाने ठरवून दिलेले नाही, असा निष्कर्ष एलिसने काढला. लांबीच्या गणितातून हा निष्कर्ष निघालाच नसता. कारण त्या गणितात सोपी गुणोत्तरे आधीच मानलेली असत.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातील दोन वीणांचा प्रयोग या दृष्टीने पुन्हा वाचावा. अचल वीणा तशीच ठेवून चल वीणेचे स्वर एकेक श्रुतीने उतरवले असता दुसऱ्या पायरीस गांधार व निषाद, तिसरीस ऋषभ व धैवत, चौथीस षड्ज, मध्यम व पंचम हे स्थिर वीणेवरील खालच्या स्वरांना मिळतात. दोन दोन, तीन दोन आणि चार तीन मिळून बावीस. हीही मेळ साधून केलेली मोजणीच होय. फक्त तिच्या मागे घड्याळ नाही, आणि सर्व पायऱ्या सारख्याच आहेत याची हमी कानाखेरीज कोणी देत नाही. तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगण्याची रीत अहोबलाच्या सतराव्या शतकातील संगीतपारिजातात येते.

कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो या दुसऱ्या परंपरेतील. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेऊन त्यांनी प्रत्येक श्रुतीस निश्चित गुणोत्तर दिले. अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी ते मत उचलून धरले, श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. पण भातखंडे यांना हे मान्य झाले नाही. देवलांचे परिश्रम मोठे होते. मात्र तार जेथे थांबवली तेथे कानाने 'हाच तो स्वर' असा कौल आधी दिलेला असतो. पट्टी त्या कौलाची लांबी सांगते, गायकाच्या गळ्यातील कंपांची संख्या सांगत नाही. ती संख्या ध्वनिमुद्रणावरून मोजून जैराझभॉय व स्टोन यांनी १९६३ साली लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी अभ्याससंस्थेच्या पत्रिकेत मांडली. एकाच स्वराची उंची कलावंता-कलावंतांत तर बदलत होतीच, पण एकाच कलावंताच्या एकाच वादनातही ती स्थिर नव्हती. आणि तरीही श्रोत्याला तो स्वर तोच वाटत होता.