ड्रायव्हर कुठे बसतो?

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करायचा म्हटलं की मित्रमंडळींत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "नवीन आलाय ना? टाक की मग!" दुसरा म्हणतो, "चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?" गंमत म्हणजे दोघांकडेही दाखवायला जखमा असतात. हा वाद नीट समजून घ्यायचा तर थोडा इतिहास बघावा लागतो. कारण आज अपडेट करताना जी काळजी घ्यायला सांगतात, ती कुणी एका दिवशी बसून लिहून काढलेली नाही. एकेक पायरी कुठल्यातरी अपघातानंतर आलीय.

डॉसच्या काळात हा प्रश्नच वेगळा होता. तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅम आपापले ड्रायव्हर सोबत घेऊन फिरायचा. ऑटोकॅडचे वेगळे, गेमचे वेगळे. विंडोज आलं आणि सगळ्यांसाठी एकच ड्रायव्हर झाला. सोय झाली खरी, पण तो एक बिघडला की सगळंच झोपणार हेही ठरून गेलं.

आता मुख्य मुद्दा. हा ड्रायव्हर बसतो कुठे? ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल (सैन्यातला नव्हे!). त्याला रेल्वेचं इंजिन समजा आणि बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे डबे. डब्यात बिघाड झाला तर डबा तोडून गाडी पुढे नेता येते. इंजिनात झाला तर गाडी जागेवर उभी. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटी ३.१ मध्ये चित्र काढण्याचं बरंचसं काम इंजिनाबाहेर, वेगळ्या डब्यात होत असे. भक्कम रचना होती, पण संथ. स्क्रीनवर काहीही काढायचं तर सारखी डब्यातून इंजिनात आणि इंजिनातून डब्यात ये-जा. शेवटी १९९६ च्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते काम उचललं आणि थेट कर्नलमध्ये नेऊन बसवलं. वेग वाढला. त्याबरोबर ग्राफिक्स ड्रायव्हरमधली एक चूक अख्खं मशीन पाडू शकेल अशी सोयही झाली! एक्सपी २००१ साली आलं ते याच घराण्यातलं, त्यामुळे ही रचना घरोघरी पोचली. एक्सपीतल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण मिळालं ते उगाच नाही. सिस्टिम रिस्टोअर त्याच्या एक वर्ष आधी, विंडोज एमईमध्ये आलं होतं. (एमईबद्दल सांगण्यासारखी ती एकच चांगली गोष्ट.)

इकडे कार्डवाल्यांची वेगाची मारामारी चालूच होती. २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० चं बिंग फुटलं. 'क्वेक ३' गेमच्या फाइलमधलं 'क्वेक' बदलून 'क्वॅक' केलं की वेग कमी व्हायचा आणि चित्र सुधारायचं! म्हणजे ड्रायव्हर गेमला नावाने ओळखत होता आणि त्याच्यापुरती चित्राची प्रत उतरवून वेग दाखवत होता. बोंबाबोंब झाली. पण गेम ओळखून त्याच्यापुरते फेरफार करणं काही थांबलं नाही. प्रत खाली न आणता ते आज उघडपणे चालतं, मोठा गेम आला की त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर येतो. म्हणून ही फाइल शेकडो एमबीची असते आणि सारखी बदलते. आणि जे सारखं बदलतं ते कधीतरी मोडणारच.

ते मोडलं व्हिस्टामध्ये. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरची रचना पुन्हा फिरवली. मोठा भाग कर्नलबाहेर, लहान भाग आत. शिवाय कार्ड साधारण दोन सेकंद गप्प बसलं तर मशीन न पाडता फक्त ड्रायव्हर पुन्हा चालू करायचा. कल्पना उत्तम, पण कार्ड कंपन्यांची तयारी अर्धवट. २००८ मध्ये एका कोर्टकज्ज्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. त्यांतल्या २००७ च्या आकड्यांनुसार व्हिस्टाच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते. खुद्द मायक्रोसॉफ्टचा वाटा १७.९ टक्के. शिव्या मात्र सगळ्या व्हिस्टाने खाल्ल्या.

क्रॅश परवडला, रीस्टार्ट करता येतं. मार्च २०१० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या १९६.७५ ड्रायव्हरने कार्डाच्या पंख्याचं नियंत्रणच बिघडवलं. गेम खेळताना कार्ड तापायचं आणि पंखा वेग घ्यायचा नाही. कार्डं जळाल्याच्या तक्रारी आल्या, ब्लिझार्डने आपल्या खेळाडूंना सावध केलं, एनव्हिडियाने ड्रायव्हर मागे घेतला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये एएमडीच्या 'क्रिमसन'नेही काही कार्डांचे पंखे असेच मंद अडकवून ठेवले. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेच्या ड्रायव्हरांनी अनेकांचे स्क्रीन काळे केले आणि दुरुस्त्यांची रांग लागली. सॉफ्टवेअर बिघडलं तर फार तर फॉरमॅट मारू, ही समजूत १९६.७५ नंतर तरी सोडायला हवी होती.

तर आता ती काळजी. नवा ड्रायव्हर आला की आठवडा-दोन आठवडे थांबायचं, इतरांचे पंखे फिरताहेत ना ते बघायचं. फाइल फक्त कार्ड कंपनीच्या साइटवरून घ्यायची (लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्याची साइट). रिस्टोअर पॉइंट आणि सध्याच्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवायची, कारण 'रोल बॅक' फक्त एक पायरी मागे नेतं. इन्स्टॉल चालू असताना लाइट जाऊ शकते, तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस हवाच. मग टाकल्यावर पहिला अर्धा तास तापमान आणि पंख्याच्या वेगावर नजर. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'ने सगळं साफ करणं हे दर वेळचं काम नाही. एनव्हिडियाचं कार्ड काढून एएमडीचं लावलं किंवा साधं इन्स्टॉल फसलं, तरच. ते सेफ मोडमध्ये चालवायचं, आणि नेट बंद ठेवून, नाहीतर विंडोज मधेच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं. त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये जाताना विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर ड्रायव्हर राहिला बाजूला, फोटोच जातील.

आता "हात लावू नकोस" पक्षाबद्दल. ड्रायव्हरचा एक तुकडा अजूनही इंजिनात बसलेला आहे. त्यात भोक असेल तर साधा प्रोग्रॅमही अख्ख्या मशीनचा ताबा घेऊ शकतो. दोन्ही कंपन्या अशा भोकांच्या याद्या नियमित प्रसिद्ध करतात. त्यामुळे नवीन गेमसाठीचा अपडेट टाळला तरी चालेल, सुरक्षेचा नाही. जीटीएक्स १०६० सारखी जुनी कार्डं अजून पुष्कळ घरांत आहेत. एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे त्यांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर मिळणं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून संपलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत, दर तीन महिन्यांनी. म्हणजे वर्षाला चार वेळा, तेवढ्या टाकायच्या.