क्लोरीनची ओढ आणि बर्झीलियस यांचा प्रश्न

व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या ॲसिटिक आम्लावरून एकोणिसाव्या शतकात यूरोपातील रसायनशास्त्रज्ञांत मोठा वाद माजला होता. १८३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनज्ञ द्यूमा यांनी हे आम्ल क्लोरीन वायूसह सूर्यप्रकाशात ठेवले. त्यातील तीन हायड्रोजन अणूंची जागा तीन क्लोरीन अणूंनी घेतली. तरीही नवा पदार्थ आम्लच राहिला. संयुगाचे शील अणूंच्या जातीपेक्षा त्यांच्या मांडणीवर ठरते, असा निष्कर्ष द्यूमा यांनी काढला.

स्वीडनच्या बर्झीलियस यांना हे पटणे शक्य नव्हते. धन व ऋण विद्युतांच्या आकर्षणाने संयुगे बनतात, हा त्यांचा सिद्धांत होता. मग ऋण प्रवृत्तीचा क्लोरीन धन प्रवृत्तीच्या हायड्रोजनच्या जागी कसा बसावा? नव्या आम्लाची घडणच निराळी असली पाहिजे, असे ते म्हणत. परंतु १८४२ मध्ये मेल्सेन्स यांनी त्यातील क्लोरीन काढून मूळचे आम्ल पुन्हा मिळविले. १८४८ मध्ये बर्झीलियस निवर्तले, तेव्हा सेंद्रिय रसायनात त्यांची बाजू हरल्यातच जमा होती.

पुढे विद्युत्‌वाहकतेवरून आम्लांचे बल मोजता येऊ लागले आणि निराळेच चित्र दिसले. ॲसिटिक आम्लात एक क्लोरीन आला की बल सुमारे ऐंशी पट होते. तीन आले की दहा हजार पटींच्याही वर जाते. अंतराचाही प्रभाव पडतो. ब्युटिरिक आम्लात क्लोरीन आम्लगटालगतच्या कार्बनवर असेल तर बल सुमारे नव्वद पट, त्यापुढच्या कार्बनवर असेल तर सहा पट आणि आणखी पुढे गेला तर जेमतेम दुप्पट होते.

अमेरिकेतील लुईस यांनी १९१६ मध्ये रासायनिक बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, ही कल्पना मांडली, आणि १९२३ च्या ग्रंथात तिच्या आधारे या कोड्याची उकल केली. क्लोरीन ही जोडी स्वतःकडे ओढतो. शेजारचा कार्बन किंचित धनभारित होऊन पलीकडची जोडी ओढतो. ही ओढ प्रत्येक टप्प्यावर क्षीण होत जाते. प्रोटॉन सुटल्यावर मागे उरणारा ऋणभार तिच्यामुळे सावरला जातो. म्हणून प्रोटॉन सहज सुटतो. इंग्लंडमध्ये रॉबिन्सन आणि इंगोल्ड यांनी या विचाराला पद्धतशीर रूप दिले. हाच प्रवर्तन परिणाम. तो बंधांप्रमाणेच भोवतालच्या अवकाशातूनही पोचतो, असे आज मानले जाते.

क्लोरीन हायड्रोजनची जागा घेतो, हे द्यूमा यांचे म्हणणे खरेच होते. पण त्या जागी बसूनही तो आपला विद्युत्‌स्वभाव सोडत नाही, ही बर्झीलियस यांची जाणीवही खोटी नव्हती. त्यांच्या सिद्धांताबरोबर त्यांचा प्रश्नही मागे पडला, आणि त्याचे उत्तर मिळायला पाऊणशे वर्षे जावी लागली.