तळटीप : ‘कालव्याच्या भरोशावर’

१. नागपुराकडच्या बोलीत ‘भरोशावर’ म्हणजे अवलंबून. प्रमाण मराठीत इथे ‘भिस्त’ किंवा ‘मदार’ आले असते. नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याचा धान उत्पादक ‘भरोशावर’ म्हणतो तेव्हा त्यात विश्वास आणि धास्ती दोन्ही असतात. जुलैत पऱ्हे (धानाची रोपे) तयार होतात, बांधीत (धानाच्या खाचरात) चिखल करायचा असतो आणि पाऊस दडी मारतो. मग रोवणी पेंच कालव्याच्या पाण्यासाठी अडून बसते. पऱ्हे जास्त दिवस वाढत राहिले तर रोवणीनंतर फुटवे कमी येतात. पुढे धान निसवताना पाणी हुकले, तर लोंबीत दाणा भरत नाही आणि हाती तणस तेवढी उरते.

हे पाणी नवेगाव खैरी धरणातून कालव्यात सुटते आणि तिथे ते वरच्या तोतलाडोह धरणातून येते. त्याच साठ्यावर नागपूर शहराची तहान भागते आणि कोराडी, खापरखेड्याची वीजकेंद्रेही चालतात. त्याच्याही वर, मध्य प्रदेशात, चौराईचे धरण झाल्यापासून तोतलाडोहाची आवक घटली.

शासकीय अर्जातला ‘अवलंबित’ निराळा : तो कमावत्यावर विसंबलेला कुटुंबीय. ‘परावलंबी’ या शब्दात कमीपणाची छटा आहे, म्हणून या शेतकऱ्याला तो लावू नये. पाणीपट्टी भरून, राबून पीक काढणाऱ्याचा पाण्यावर हक्क आहे. फक्त पाणी कधी सोडायचे, हे त्याच्या हातात नाही.