आपलीं जहाजें कोठें आहेत?

गेल्या महिन्यांत इतिहासाचा तास संपल्यावर एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, बांगला देशच्या युद्धांतली ती जुनी 'विक्रांत' कोठें पाहावयास मिळेल?" मीं उत्तर दिलें, "स्वारगेटच्या चौकांत." वर्गांत हंशा पिकला, पण उत्तर अगदींच थट्टेचें नव्हतें. १९६१ सालीं आरमारांत दाखल झालेली व १९७१ सालीं बंगालच्या उपसागरांतून चितगांव आणि कॉक्स बझार येथील शत्रूच्या ठाण्यांवर विमानें धाडणारी ही नौका १९९७ सालीं सेवेंतून निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईस संग्रहालय म्हणून लोकांस पाहावयास मिळूं लागली. २०१२ सालीं धोक्याची ठरून बंद झाली, आणि २०१४ सालीं ६० कोटि रुपयांस विकली जाऊन मोडींत निघाली. तिचें कांहीं पोलाद बजाज कंपनीनें २०१६ सालीं 'व्ही' नांवाच्या मोटारसायकलींसाठीं वापरलें. स्वारगेटला तांबडा दिवा लागला म्हणजे अडून राहिलेल्या गर्दींत त्यांतली एखादी गाडी अजूनही दृष्टीस पडते. आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचें दर्शन पुणेकरांस घडतें तें असें!

कोणी म्हणेल, जुनें लोखंड तें. त्याचा एवढा शोक कशास? परंतु किल्ला आणि जहाज यांच्या प्रकृतींत मूळचाच भेद आहे. किल्ल्याची हेळसांड झाली तरी त्याचे तट पिढ्यान् पिढ्या उभे राहतात, आणि आपली उदासीनता झांकली जाते. १६६४ सालीं ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग आजही पाहतां येतो. पण ज्या गुराबा व गलबतें त्याच्या आश्रयास येत, त्यांपैकीं एकही आज उरलेलें नाहीं. खाऱ्या पाण्यांत लाकडास कीड लागते, लोखंडास गंज चढतो. म्हणून जहाज जतन करावयाचें तर तें पाण्याबाहेर तरी काढावें लागतें, नाहीं तर वरचेवर गोदींत घेऊन दुरुस्त तरी करावें लागतें. नेल्सनची 'व्हिक्टरी' १९२२ पासून पोर्टस्मथच्या कोरड्या गोदींत आहे. अॅडमिरल तोगोची 'मिकासा' जपान्यांनीं योकोसुका येथें किनाऱ्याशींच कायमची बसविली. आपल्याकडेंही विशाखापट्टणास 'कुरसुरा' ही पाणबुडी वाळूवर ओढून घेऊन २००२ सालीं लोकांस खुली करण्यांत आली. 'विक्रांत'साठीं मात्र अशी कायमची जागा कधींच तयार झाली नाहीं.

ही उदासीनता आजचीच नव्हे, आणि एकट्या मुंबईचीही नव्हे. स्वारगेटहून थोडें चाललें कीं सारसबाग लागते. तेथें पूर्वीं तळें होतें, म्हणून तेथील देवास अद्यापि 'तळ्यांतला गणपति' म्हणतात. हें तळें नानासाहेब पेशव्यांनीं करविलें. त्यांच्याच कारकीर्दींत, फेब्रुवारी १७५६ मध्यें, विजयदुर्गाखालीं आंगऱ्यांचें आरमार जळालें. तुळाजी आंगरे पेशव्यांची आज्ञा जुमानीत नव्हते, हें खरें. त्यांचा बंदोबस्त करण्यास पेशव्यांस कारण होतें, हेंही खरें. पण त्यासाठीं पुण्यानें मुंबईकर इंग्रजांचें साहाय्य घेतलें. वॉटसनच्या जहाजांनीं तोफा डागल्या, क्लाइव्ह फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला, आणि बंदरांत लागलेल्या आगींत एकामागून एक सारीं जहाजें भस्म झालीं. पुढच्याच वर्षीं प्लासी जिंकणारा क्लाइव्ह तो हाच. विजयदुर्ग पुढें पेशव्यांस मिळाला, आणि १७८३ सालीं आनंदराव धुळपांनीं 'रेंजर' ही इंग्रजी नौका पाडाव केली, हें विसरतां कामा नये. तथापि कान्होजी आंगऱ्यांनीं उभारलेल्या बळाची सर पुन्हां कधीं आली नाहीं. घरांत तळें बांधणाऱ्या पुण्याला दाराबाहेरचा समुद्र दिसला नाहीं, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

मुंबईस बांधलेली एक जुनी युद्धनौका मात्र अद्यापि पाण्यावर तरंगते आहे. पण ती पाहण्यास इंग्लंडांत हार्टलपूल येथें जावें लागतें. वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं मलबारी सागवानाची बांधलेली ही 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं समुद्रांत उतरली. त्यानंतर चोविसाव्या दिवशीं, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई होऊन पेशवाईचा शेवट ओढवला. पेशव्यांचें राज्य गेलें, तें घेणाऱ्यांचें साम्राज्यही गेलें; नौका तेवढी राहिली. ती आपोआप राहिली नाहीं. हार्टलपूलास दहा वर्षांहून अधिक काळ तिची दुरुस्ती चालली होती, व ती २००१ सालीं पुरी झाली. त्याच सालीं आपली 'विक्रांत' लोकांस खुली झाली होती!

आमच्या हातून दुसरी संधीहि गेली. 'विराट' निवृत्त झाल्यावर तिचें संग्रहालय सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर करण्याच्या योजनेस महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं मान्यता दिली. २०२० सालीं ती नौका मोडण्यासाठीं अलंगच्या किनाऱ्यास लागली.

सरकारास दोष देणें सोपें आहे. पण येथें मला माझाही दोष कबूल केला पाहिजे. 'विक्रांत' अकरा वर्षें मुंबईस उभी होती, आणि स्वारगेटहून मुंबई कांहीं तासांचीच वाट. दर वर्षीं वर्गास घेऊन जाण्याचा बेत मीं केला, आणि दर वर्षीं परीक्षा, पाऊस किंवा आळस यांपैकीं कांहीं तरी आड आलें. सिंहगडाची सहल पुढें ढकलण्याची आम्हां शिक्षकांस संवय. सिंहगड कोठें जाणार आहे? जहाजाची गोष्ट तशी नव्हे, हें मला उशिरां कळलें. त्या मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें, तें यामुळें. येत्या नाताळच्या सुटींत त्याला व त्याच्या सोबत्यांना विशाखापट्टणास 'कुरसुरा' दाखविण्यास न्यावयाचें ठरविलें आहे. आणि या खेपेस तिकिटें आधींच काढून ठेविलीं आहेत.