मुठीतले वाघनख आणि मावळातला कागद

राजगडाच्या पद्मावती माचीवर तळ्याकाठी आम्ही शिदोऱ्या सोडल्या होत्या. काकडी कापायला काही आहे का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा आमच्यातल्या एका मित्राने सॅकमधून मखमली पिशवी काढली आणि पिशवीतून मिटवलेला चाकू. अंगठ्याच्या हलक्या दाबाने पाते बाहेर आले आणि ‘टक्’ असा नेमका आवाज करून जागच्या जागी बसले. किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. त्या पैशांत वेल्ह्यातल्या माणसाची दुभती म्हैस आली नसती, पण शेळी नक्की आली असती. काकडी मात्र त्याने त्या चाकूने कापू दिली नाही. ती शेवटी बरोबरच्या वेल्ह्याच्या मुलाने कोयत्याने कापली.

मग वाद पेटला. एकाचे म्हणणे, जे कापत नाही त्याला चाकू कशाला म्हणायचे? दुसरा म्हणाला, घडणीची नजाकत हीच त्याची किंमत. तिसऱ्याने हळूच पिन मारली, ‘पण हा अस्सल कशावरून? हुबेहूब नकला मिळतात म्हणे.’ मित्र चिडला आणि त्याने चाकूबरोबर आलेला छापील कागद दाखवला.

मी ऐकत होतो आणि मनात साताऱ्याची रांग उभी राहत होती. वस्तू कामाची आहे का, ती अस्सल आहे का, आणि तिच्याबरोबर आलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा का, हे तीनही प्रश्न मी त्या रांगेत ऐकले होते. तिथली वस्तूसुद्धा मुठीत मावणारीच होती.

१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. आदल्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, महाराष्ट्र शासनाने लंडनमध्ये त्यासाठी करार केला होता. ती कायमची परत आलेली नाहीत, तीन वर्षांसाठी उसनी आलेली आहेत. ती येण्याआधीच इतिहासप्रेमींत दोन तट पडले होते. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी ही वाघनखे शिवरायांचीच असल्याचा पुरावा नाही, असे जाहीरपणे मांडले. लंडनच्या संग्रहालयाची भूमिकाही मुळात सावधच आहे: अफझलखान प्रसंगात वापरलेली नखे हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते.

आधी कामाचा प्रश्न घेऊ. वाघनख म्हणजे पोलादाची एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना बोटांत घालायच्या अंगठ्या आणि पट्टीला जडवलेल्या आत वळलेल्या नख्या. मूठ मिटली की नख्या तळहातात लपतात आणि बाहेरून दिसतात त्या फक्त अंगठ्या. शस्त्रांच्या जाणकारांत याविषयी एकमत नाही. वाकडी नखी फाडते, पण खोल शिरत नाही, म्हणून धिप्पाड माणसाला एवढ्याने मारता येईल का, असे काही जण विचारतात. याचे उत्तर सभासदाच्या बखरीतच आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, ती १६९७ च्या सुमाराची. तिच्यात डाव्या हातात वाघनख आणि उजव्या हातात बिचवा अशी जोडी आहे. बिचवा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखे दुहेरी वळण असलेले आखूड पाते. आधी नखांनी फाडायचे आणि मग पात्याने भोसकायचे, असा तो क्रम आहे. म्हणजे बखरकारालाही एकटे वाघनख पुरेसे वाटले नव्हते. आपण मात्र बिचवा विसरलो आणि वाघनख लक्षात ठेवले.

शिवाय सगळी साधने सभासदाशी जुळत नाहीत. महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग विस्ताराने येतो, पण त्यात वाघनख नाही, कृपाण आहे. समकालीन कवी वाघनखाचे नाव घेत नाही आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिणारा दरबारातला माणूस घेतो. यावरून वाघनख नव्हतेच असे म्हणता येणार नाही. राजाच्या हाती उघडी कृपाण कवीला अधिक शोभून दिसली असेल, आणि लपवलेले शस्त्र त्याने काव्याबाहेर ठेवले असेल. पण हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

आता अस्सलपणाचा आणि कागदाचा प्रश्न. लंडनची वाघनखे एका पेटीत आली. पेटीवरच्या इंग्रजी मजकुराचा आशय असा: शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारले ते हे वाघनख, आणि एडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानाने त्यांना ते दिले. एवढ्या मजकुरात एक चूक उघड आहे. अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्यासारखा माणूस ही चूक करणार नाही. म्हणून पेटीवरचा मजकूर त्याचा स्वतःचा नसावा, मागाहून कोणीतरी घातला असावा, असे मला वाटते. दुसरी अडचण देणाऱ्याची. शिवरायांची शस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडे असणे स्वाभाविक होते. मग ती पेशव्याच्या प्रधानाच्या हाती कशी आली? जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पुढे बिठूरला गेला. त्या धामधुमीत अनेक वस्तूंचे हात बदलले असणार, एवढे म्हणता येते. वाघनखे मात्र डफच्या वंशजाकडून संग्रहालयात गेली.

हा डफ आम्हा भोरकरांना परका नाही. १८१८ ते १८२२ तो साताऱ्याला होता. छत्रपतींच्या जहागीरदारांशी इंग्रजांनी केलेले करार त्याच्याच हातून झाले, आणि भोरच्या पंतसचिवांशी झालेला १८२० चा करार त्यांतलाच. राजगड आणि तोरणा ज्या भोर संस्थानात होते, त्या संस्थानाची नवी घडी ज्याने बसवली, त्याच्याच घराण्याच्या पेटीत ही नखे लंडनला पोहोचली. योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट आहे, पण मला ती सोडवत नाही. कारण त्याच भोर संस्थानातल्या कारी गावात दुसरा एक पुरावा गुपचूप पडून होता, आणि तो कोणी लंडनला नेला नाही.

रायरेश्वराच्या पायथ्याचे कारी हे जेधे देशमुखांचे गाव. त्यांच्या दप्तरातली ‘जेधे शकावली’ लोकमान्य टिळकांनी भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे १९१६ मध्ये उजेडात आणली. शकावली म्हणजे तिथी आणि त्यापुढे एक-दोन वाक्ये, बस्स. या पानांनी महाराष्ट्रात केवढा वाद उठवला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. शिवजन्माची शके १५४९ ची रूढ तिथी मागे पडली आणि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली. त्याच शकावलीत अफझलखानाच्या वधाची नोंद आहे: शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. इंग्रजी तारीख १० नोव्हेंबर १६५९. खानाला कोणत्या शस्त्राने मारले, हे सांगण्याची तिथे गरजच वाटलेली नाही.

मग जेध्यांच्या कागदांत काय आहे? १६ जून १६५९ चे आदिलशाही फर्मान आहे. अफझलखान येत आहे, त्याला सामील व्हा, असा कान्होजी जेध्यांना हुकूम आहे. न मानल्यास वतन आणि घरदार जाणार, हे मावळातल्या प्रत्येक देशमुखाला न सांगता कळत होते. शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी मात्र पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले. तुमचे वतन जाईल, विचार करा, असे महाराजांनीच त्यांना बजावले. तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, असे जेध्यांच्या करिन्यात येते. त्यांचा कबिला तळेगाव ढमढेऱ्याला सुरक्षित हलवण्यात आला. कारी आणि उत्रवळी दोन्ही आजच्या भोर तालुक्यातली गावे. एकाच खोऱ्यातले दोन देशमुख त्या पावसाळ्यात दोन वाटांनी गेले.

वेल्ह्याकडची बाजूही तेवढीच जड आहे. महाराज राजगड सोडून प्रतापगडाकडे गेले, तेव्हा सईबाई आजारी होत्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले. संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. गडाच्या पायथ्याला पाल गावात सईबाईंची समाधी दाखवतात. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत महाराज मूठ मिटून खानाच्या शामियान्यात शिरले. मुठीत नखे होती की पाते, हे ठामपणे सांगणे कठीण आहे. पण मागे काय सोडून ते शिरले होते, याच्या तारखा मात्र आपल्या हाती आहेत.

साताऱ्याच्या रांगेत माझ्याबरोबर आत्या होती. ऐंशी उलटलेली, कारीच्या अलीकडच्या गावातली. काचेपाशी पोहोचल्यावर तिने विचारले, ‘‘काय रे, हीच का ती?’’

‘‘नक्की नाही सांगता येत, आत्या.’’

‘‘मग एवढी माणसं कशाला आलीत?’’

‘‘तू कशाला आलीस?’’

ती म्हणाली, ‘‘मला कुठं ती नखं बघायची होती? आपल्या खोऱ्यातली माणसं गेली होती ना महाराजांबरोबर, म्हणून आले.’’ आणि तिने हात जोडले. मागचे लोक पुढे सरकायची घाई करत होते, म्हणून आम्ही बाहेर पडलो.

संशोधक म्हणून मला आत्यासारखे हात जोडून थांबता येत नाही. अस्सल-नकलेचा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो विचारणाऱ्याला शिवद्रोही ठरवण्याची अलीकडची खोड घातक आहे. जेधे शकावलीने रूढ जन्मतिथी हलवली म्हणून शिवरायांना कमीपणा आला नाही, उलट त्यांचा इतिहास पक्का झाला. वाघनखांचेही तसेच व्हावे. पण त्याबरोबर हेही खरे, की काचेमागच्या वस्तूवर जेवढी शाई आणि पैसा खर्च झाला, त्याच्या शतांशानेही आपण भोर-वेल्ह्यातल्या घराघरांतली दप्तरे तपासलेली नाहीत. वाळवीला वाघनख खाता येत नाही, पण कागद खाता येतो.

राजगडावरून उतरताना मित्राने तो चाकू मला हातात घेऊन पाहू दिला. सुरेख होता. पाल गावात चहाला थांबलो, तेव्हा वेल्ह्याच्या मुलाने सहज सांगितले, की त्याच्या चुलत्याच्या घरी माळ्यावर मोडी कागदांचे एक गाठोडे आहे, पण ते कोणाला वाचता येत नाही. मी पत्ता लिहून घेतला. दिवाळी झाली की जाणार आहे.